संक्रांतीची तारीख आणि आजीचे तबक

संक्रांत म्हणजे चौदा जानेवारी, असे आपण लहानपणापासून घोकलेले असते. बाकीचे सण तिथीवर चालणारे, दरवर्षी पुढेमागे होणारे; एक संक्रांत तेवढी इंग्रजी तारखेला बांधलेली, ती काही हलायची नाही, असा पुष्कळ भगिनींचा समज आहे. स्मरणिकेसाठी संक्रांतीचा इतिहास लिहा असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी मामंजींकडे गेले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहास लिहायचा म्हणजे घरातली वडील माणसे हीच पहिली पोथी. वाचनालय त्यानंतर.

मामंजी आणि सासूबाई दरसाल मुलांच्या नाताळच्या सुट्टीत गावाहून साताऱ्याला येतात, ती रथसप्तमी करूनच परत जातात. माझी आईही त्याच सुमाराला येते. अशा रीतीने थंडीचा महिनाभर आमच्या तीन खोल्यांत दोन आज्या, एक आजोबा, थोरली चौथीतली मुलगी आणि धाकटा असा मेळा असतो. घरात पाय ठेवायला जागा नसते, पण मुलांना त्याच महिन्याची वर्षभर वाट असते.

तर मामंजींनी थोरलीची वही ओढली आणि हिशेब मांडला. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. ताऱ्यांच्या हिशेबाने सूर्याला फिरून त्याच राशीत यायला जो काळ लागतो, तो ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठा आहे. वीस मिनिटे म्हणजे कुकर होईपर्यंतचा वेळ. पण सत्तर-बहात्तर वर्षांत त्याचा पुरा एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्या वर्षी, म्हणजे १८६३ साली, तारीख होती १२ जानेवारी. २०२३ आणि २०२४ साली आपण संक्रांत १५ तारखेला केली, २०२५ साली पुन्हा १४ ला. हा एका दिवसाचा मागेपुढे खेळ लीप वर्षामुळे होतो. पण एकंदर चाल पुढेच.

याहून मौज अशी की, सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी येत असे. आज उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच लागते. दिवस तिळातिळाने वाढू लागतो म्हणून आपण तिळगूळ वाटतो खरा, पण आपला तिळगूळ होईपर्यंत दिवस वाढायला लागून तीन आठवडे झालेले असतात!

हे ऐकून थोरलीने विचारले, “मग पानिपत? ते संक्रांतीच्या दिवशी झाले ना?” असे आपण सगळ्याच ऐकत आलो आहोत. लढाई झाली ती बुधवारी, १४ जानेवारी १७६१ रोजी, यात शंका नाही. पण वरचाच हिशेब मागे नेला, तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीला पडते. म्हणजे लढाईच्या चार दिवस आधी. अब्दालीने रसद तोडलेली, छावणीत माणसांची आणि जनावरांची उपासमार चाललेली, आणि त्यात संक्रांत आली. लष्कराबरोबर बायका होत्या, यात्रेला निघालेली माणसे होती. त्या छावणीत कोणी कोणाच्या हातावर तिळगूळ ठेवला असेल का, हे कोणत्याही बखरीत लिहिलेले माझ्या वाचनात नाही. लढाईची वर्णने मात्र पुष्कळ आहेत. इतिहास लिहिणाऱ्यांना स्वयंपाकघरात डोकावायची सवय नसावी.

त्या छावणीत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. विश्वासराव पडले, भाऊसाहेब पडले; पार्वतीबाई वाचल्या आणि पुण्याला परतल्या. आपला पती गेला हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही. भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याची चौकशी झाली, १७७६ साली त्याला देहदंड झाला, तरीही बाईंचे कुंकू कायम होते. १७८३ साली त्या वारल्या. म्हणजे पानिपतानंतर बावीस संक्रांती त्यांच्या कपाळावरून कुंकू लावूनच गेल्या.

लोक याला वेड म्हणतात, कोणी निष्ठा म्हणतात. मला वाटते, त्या काळी विधवा बाईच्या वाट्याला काय येई हे त्या रोज वाड्यात पाहत असतील. पेशव्यांच्या घरची बाई म्हणून त्यांचा हट्ट चालला. पानिपतात हजारो शिपाई पडले. त्यांच्या घरच्या बायकांना तसा हट्ट धरता आला नसणार.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे याच दुःखाशी झगडण्यात गेली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण कायद्याने समाज हलत नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला, तर त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरी त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढलाच. केशवपन गेले, आलवण गेले. राहिले ते हळदीकुंकू. ते राहिले, कारण त्यात कोणाला कोणी मारत नाही, कोंडत नाही. फक्त बोलावत नाही.

आता घरची हकीकत सांगते. माझे वडील जाऊन अकरा वर्षे झाली. आईच्या हाताला हलवा चांगला येतो, आणि हलवा ही गोष्ट ज्यांनी केली आहे त्यांनाच ठाऊक. पसरट कढईत तीळ घ्यायचे, कोणी खसखस घेतात, खाली अगदी मंद आच. पूर्वी कोळशाची शेगडी असे, आता गॅस इतका बारीक करावा लागतो की वाऱ्याने विझतो. एकतारी पाक चमचा-चमचा टाकायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचे. पाक जास्त पडला की गोळा होतो, आच वाढली की साखर पिवळी पडते. घाई केली की काटा मोडतो. हवेत कोरडी थंडी हवी. ढग आले की आई कढई उतरून ठेवते. तीन-चार दिवस रोज दोन-तीन तास बसावे तेव्हा कुठे तिळाभोवती पांढरा काटा उभा राहतो. बोटांची टोके हुळहुळी होतात. मग सासूबाई तो दोऱ्याने बांधून हार, बाजूबंद, मुकुट, मुलीचे असेल तर बिंदी करतात. हलवा एका आजीचा, दागिने दुसरीचे, अशी वाटणी आमच्याकडे थोरलीच्या वेळेपासून आहे. बाजारात तयार दागिने मिळतात, पण ते आमच्या घरात आले तर दोघींना राग येईल.

बोरन्हाणात चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा मुलाच्या डोक्यावरून ओततात. यातला भुईमूग आपला नव्हे बरे का. तो दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतरचा. आता त्यात गोळ्या आणि चॉकलेटे शिरली आहेत. म्हाताऱ्या बायका नाके मुरडतात, पण शेंगही एके काळी पाहुणीच होती.

दरवर्षी बोरन्हाण झाले की हळदीकुंकू सुरू होई, आणि आई धाकट्याला झोपवायला म्हणून आतल्या खोलीत जाई. धाकटा मुळीच झोपलेला नसे. दोघे आत बसून बोरे खात. दोन वर्षांपूर्वी थोरलीने सगळ्यांदेखत विचारले, “हलवा आजीने केला, मग आजी ओवाळत का नाही?” मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी निरांजनाचे तबक उचलले, आत गेल्या आणि म्हणाल्या, “विहीणबाई, नातू दोघींचा आहे. या.” आई म्हणाली, “थांबा, हात चिकट आहेत, धुऊन येते.” हात धुऊन ती आली आणि तिने ओवाळले. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावले, हातात वाण दिले. प्लास्टिकचा डबा होता, काही भारी नव्हे.

बोलवलेल्यांपैकी दोघी वाण न घेता निघून गेल्या. एकीने दुसऱ्या दिवशी दारातच मला ऐकवले की, रूढी मोडायला तुम्ही कोण? मी म्हटले, घरातल्या सर्वांत वडील सवाष्णीने मोडली आहे, तिला विचारा. सासूबाईंना विचारायला ती आली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, हेरवाड नावाचे गाव आहे. त्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. मी हे मामंजींना वाचून दाखवले. ते म्हणाले, “म्हणजे पानिपताला दोनशे एकसष्ट वर्षे लागली.” त्यांना हिशेबाची सवयच आहे.

या पौषात धाकट्याचे पाचवे सरते, म्हणजे आमच्या घरचे हे शेवटचे बोरन्हाण. आईने या खेपेला तीळ दुप्पट आणायला सांगितले आहेत, कारण थोरलीला हलवा शिकायचा आहे. बोलावणी मामंजींनी आपल्या अक्षरात लिहिली आहेत आणि त्यांत कोणाला वगळलेले नाही.

राहता राहिले आपल्या मंडळाचे हळदीकुंकू. त्याच्या पत्रिकेवर ‘सौभाग्यवती’ हा शब्द छापला जातो. तो काढून नुसते ‘श्रीमती’ छापावे असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. त्यावर आठ सभासदांच्या सह्या आहेत. नववी सही सासूबाईंची आहे, पण त्या मंडळाच्या सभासद नसल्याने ती धरता येणार नाही, असे चिटणीसबाईंनी कळवले आहे. वर्गणी किती, असे सासूबाई विचारत आहेत.