आकडा आणि त्याची ओळख : अवकाशयानांतील माहिती-विनिमयाचा एक धागा

२३ सप्टेंबर १९९९ रोजी ‘नासा’चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झाले. यानाच्या लहान प्रज्वलनांचा आवेग कंत्राटदाराच्या आज्ञावलीने पौंड-सेकंदांत दिला होता. मार्गनिर्धारण करणाऱ्या गटाने तो न्यूटन-सेकंदांत धरला. फरक सुमारे ४.४५ पटींचा. ‘एककांचा गोंधळ’ असे म्हणून हा विषय बहुधा संपविला जातो. ते अपुरे आहे. कोणते एकक वापरावे हे विनिर्देशात लिहिलेलेच होते. फाईलमधील आकड्यासोबत मात्र ते जात नव्हते.

खगोलशास्त्रज्ञांनी या प्रश्नाला आधीच हात घातला होता. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिट्स’ रचनेत निरीक्षणाच्या आकड्यांपूर्वी शीर्षभाग येतो. त्यात उपकरण, वेळ व एकक नोंदविण्याची सोय असते. (एककाच्या बाबतीत ती सोयच आहे, सक्ती नव्हे.) शीर्षातील प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, छिद्रपत्रांच्या काळाची ही खूण आजही टिकून आहे.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने हीच रचना स्वीकारली. त्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमाग्राहक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून घडविला. त्याच्या माहितीवरील संस्कार मात्र पुण्याच्या ‘आयुका’त होतात. २०१८ पासून हा संग्रह सर्वांस खुला आहे. बेटेगाव-बोईसर परिसरातील भौतिकशास्त्राचा विद्यार्थीही ती फाईल उघडू शकतो. तीतील वेळ १ जानेवारी २०१० पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते, आणि हा आरंभबिंदू त्याला उपकरण घडविणाऱ्यांना विचारावा लागत नाही. तो शीर्षभागातच नोंदविलेला असतो.