शीड आणि वल्हे

आम्हां इंदूरकरांच्या कान्ह नदीत शीड उभारण्याइतके पाणी नाही. तरीही आंग्र्यांचे गलबत आमच्या मनातून जात नाही. ४०-५० वल्ह्यांची ही हलकी नौका. तिला त्रिकोणी शीडही असे. वारा पडला की इंग्रजांचे अवजड जहाज जागीच खिळे; गलबत मात्र वल्ह्यांवर चाले, एवढेच नव्हे तर आपल्या मोठ्या गुराबांनाही ओढून नेई. कान्होजींचा दरारा याच जोडीवर उभा होता. हे आरमार जळाले ते फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात. समुद्रावर वॉटसनच्या तोफा, आणि जमिनीवर नानासाहेब पेशव्यांची फौज! तुळाजी आंग्र्यांचा उद्दामपणा मान्य करूनही या प्रकरणी पेशव्यांचे वकीलपत्र आम्हांस घेववत नाही.