कोंड्याची कहाणी

दिवाळीत चकलीची भाजणी उरकली की आमची आजी त्याच चुलीवर थालिपिठाची भाजणी भाजायला घेई. बाजरी, ज्वारी, गहू, तांदूळ, हरभरे, उडीद, धणे. दळण आले की माझी तक्रार ठरलेली : "आजी, चाळून घे ग, कोंडा घशाला लागतो." ती हसून म्हणे, "भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा!" चाळण मात्र खुंटीवरच राही.

पुढे शहरात नोकरी लागली. पांढराशुभ्र भात आणि मैद्याचा पाव ही मला सुधारणेची खूण वाटू लागली. चाळिशी उलटली आणि पोटाने असहकार पुकारला. डॉक्टरांनी रोज रात्री इसबगोलाची भुशी घ्यायला सांगितली. जे चाळून टाकले, तेच विकत घेण्याची पाळी आली!

मग कुतूहलाने मी या भुशीचा इतिहास वाचू लागलो, आणि वाचकहो, थोडा दिलासा मिळाला. शहाण्यांनीही माझीच चूक केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, पीठ पांढरे झाले आणि कोंडा गुरांपुढे गेला. जे पचत नाही ते निरुपयोगी, असा समज रूढ झाला.

दुसऱ्या महायुद्धात क्लीव्ह नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टरांनी बद्धकोष्ठाने बेजार झालेल्या खलाशांना चक्क कोंडा खाऊ घातला. त्यांचे म्हणणे पुढे डेनिस बर्किट यांनी उचलले. हे आयरिश शल्यवैद्य 1946 साली युगांडात गेले आणि सुमारे वीस वर्षे तिथे राहिले. इंग्लंडची इस्पितळे ज्या आतड्यांच्या विकारांनी भरलेली, ते तिथल्या खेड्यांत क्वचितच दिसत. खेडूतांचे जेवण म्हणजे केळी, रताळी, घेवडा आणि नाचणी. आपली नाचणीसुद्धा मूळची पूर्व आफ्रिकेचीच! बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली मोजमापे प्रसिद्ध केली : युगांडातील खेडुताच्या पोटातून अन्न सुमारे दीड दिवसात बाहेर पडे, इंग्रज खलाशाला तीन दिवसही पुरत नसत.

बर्किट यांची सारीच अनुमाने टिकली नाहीत. पण न पचणारा चोथा वाया जात नाही, हे आता ठाऊक झाले आहे. मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळते. या जंतूंच्याही आवडीनिवडी असतात. एकाला ओटाचा कोंडा रुचतो, तर दुसऱ्याला कांदा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटातील जंतुसृष्टी, दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा अधिक विविध आढळली.

तीस हा आकडा ऐकून नात घाबरली. मी तिला भाजणीचे जिन्नस मोजायला लावले. सात झाले. थालिपिठातला कांदा, मिरची, हळद आणि वरचे तीळ धरून अकरा!

"आजोबा, पीठ चाळायचं का?" तिने विचारले.

मी खुंटीकडे पाहिले आणि म्हटले, "नको ग. राहू दे तिला तिथेच."