जिथे दिवा लागत नाही ती गावं

आपल्या बचत गटांत अशा कितीतरी जणी आहेत, ज्यांच्या आईचं किंवा आजीचं माहेर आज रस्त्यावरच्या पाटीवर कुठेच दिसत नाही. “उजनीत गेलं”, “कोयनेत बुडालं” एवढंच घरात सांगतात. मग नातवंडं घराण्याची माहिती लिहायला बसली की आजोबांच्या आजोबांपर्यंत जातात, आणि आजीच्या गावापाशी अडतात.

जुन्या सरकारी कागदांत एक शब्द भेटतो : बेचिराख. आपल्याला वाटतं, जळून राख झालेलं. पण मूळ फारसी शब्द आहे बे-चिराग. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते गाव. माणसं गेली, पण शिवार राहिलं, म्हणून महसुलाच्या यादीत गावाचं नावही राहिलं. विदर्भात त्यालाच रीठ म्हणतात. जनगणनेतही वस्ती नसलेली गावं वेगळी दाखवतात. तेव्हा कुणी “असं गाव नाही” म्हटलं तर लगेच उठू नका. बेचिराख गावांत आहे का, ते विचारा.

जुना जिल्हाही विचारात घ्या. लातूर जिल्हा 1982 साली झाला. त्याआधीचा कागद उस्मानाबादच्या नावाने असतो. जालना 1981 च्या आधी औरंगाबादेत होता.

काही गावं दुष्काळाने उठली, काही पटकी-प्लेगने. अशा गावाची खूण जमिनीवर असते. काळ्या शिवारात मध्येच पांढुरकी माती, त्यात खापरं, बाजूला एखादा मारुती. तीच जुनी पांढर, म्हणजे वस्तीची जागा. धरणात गेलेल्या गावाची पांढर पाण्याखाली असते. उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, तेवढंच. पण धरणासाठी जमीन घेताना भूसंपादनाचा निवाडा झालेला असतो. त्यात गाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि खातेदारांची नावं असतात. कोयनेची माणसं तर ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीपर्यंत विखुरली. त्यांचं मूळ गाव शोधायला हा कागद मोठा आधार आहे.

मात्र खातेदार बहुतेक पुरुषच. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं मिळतात, पण तिथेही ओळ बापाकडून लेकाकडे जाते. आईकडची ओळ सांगणार कोण? मला विचाराल तर जात्यावरच्या ओव्या. माहेराचं नाव घेतल्याशिवाय आपल्या बायका दळायला बसल्याच नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि गाणारणीचं नाव, गावही टिपून ठेवलं. एरवी कोणत्या दप्तरात तिचं नाव असं लिहिलं गेलंय?

म्हणून आजीजवळ बसाल तेव्हा गावाचं नाव विचारून थांबू नका. एका नावाची चार-चार गावं असतात. बाजार कुठल्या गावी भरायचा? नदी कुठल्या अंगाला होती? जत्रा कुठल्या देवाची, पालखी कुणाच्या शिवेपर्यंत यायची? फोनवर तिचा आवाज भरून घ्या. शेजारची दोन गावं कळली की जुन्या तालुका नकाशावर तिच्या गावाची जागा बोटाने दाखवता येते.