जुन्या मोटारी आणि त्यांची दप्तरे

झाशी आणि समथर ही एकमेकांची शेजारी. परंतु इंग्रजी अमदानीत झाशी ब्रिटिश मुलखात, तर समथर हे बुंदेलखंडातील संस्थान. ब्रिटिश हिंदचे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. त्यामुळे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाशीस लागू झाला, तरी समथरची हद्द त्याच्या कक्षेबाहेर राहिली. त्रयस्थांच्या विम्याची सक्तीही त्याच कायद्याने १९४६ पासून अमलात आणली. पुढे १९५० मध्ये समथर उत्तर प्रदेशात आले आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे विशेषाधिकार सरले. राजाची मोटार व रयतेची मोटार एकाच दप्तरात आल्या.

त्या दप्तरात वृद्ध वाहनांना स्वतंत्र स्थान मिळाले ते २०२१ च्या केंद्रीय नियमांनी. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खाजगी दुचाकी वा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. विमापत्र आवश्यक; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पूर्वनोंदित वाहनाचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन व देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी, असे बंधन आहे.

आपणां परप्रांतस्थ मराठी कुटुंबांनी यातून एक बोध घ्यावा. वडिलांची स्कूटर वा मोटार जपताना तिचे नोंदणीपुस्तकही जपावे. कोणत्या गावी, कोणत्या साली आपले घर स्थिरावले, याची साक्ष त्या पिवळ्या पानांतच असते.