पंढरीचे दार आणि वर्गाचा उंबरठा

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. चौदाव्या शतकातील हा संत ज्या देवाला जन्मभर आळवीत राहिला, त्याच्या गाभाऱ्यात त्याला प्रवेश नव्हता. ते दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि दार उघडण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सोडले. हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु उपोषणास बसलेला तो पुरुष हाडाचा शिक्षक होता, हे त्या संदर्भात क्वचितच ध्यानी घेतले जाते. पंढरीच्या त्या दहा दिवसांचे मूळ आम्हांला अमळनेरच्या एका छात्रालयात दिसते.

गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयाचा भारही त्यांच्याकडे होता. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे नीट लावीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत. त्याबद्दल ते कोणाला रागे भरत नसत. मुलांनाच हळूहळू संकोच वाटू लागला आणि ती आपली कामे आपण करू लागली. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले आणि मग, मी केले तसे तुम्हीही करावे, असे त्यांना सांगितले. गुरुजींची रीत या कृतीच्या किती जवळची होती, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

गुरुजींनी छात्रालयासाठी हस्तलिखित दैनिकही चालविले. देशोदेशींच्या वार्ता, थोरांची चरित्रे आणि छात्रालयातील बऱ्यावाईट गोष्टी त्यात असत. आपल्या वागण्याकडे मुले रोज नव्याने पाहू शकत होती. वर्षाअखेरच्या परीक्षेत हे साधत नाही; तेथे केवळ निकाल कळतो, आणि तोही सुधारण्याची वेळ निघून गेल्यावर.

मात्र ते दैनिक गुरुजी स्वतःच लिहीत. मुलाच्या हाती लेखणी देण्याचे पाऊल पुढे इटलीत एका धर्मगुरूने टाकले. फादर लोरेन्झो मिलानी यांची १९५४ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना या वाडीवर नेमणूक झाली. सरकारी शाळेने नापास ठरविलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी तेथे शाळा काढली. तेथे मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. त्यांतील आठ जणांनी मिळून एका शिक्षिकेस उद्देशून पत्ररूप पुस्तक लिहिले. ते १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २६ जून रोजी फादर निवर्तले. त्यांची लेखनपद्धती मनन करण्याजोगी आहे. प्रत्येक विचार वेगळ्या चिठ्ठीवर लिहावयाचा, चिठ्ठ्यांची जुळणी करावयाची, मजकूर सर्वांसमोर वाचावयाचा आणि अनावश्यक शब्द एकेक करून काढून टाकावयाचा. चूक दाखविणारेही विद्यार्थी आणि ती सुधारणारेही विद्यार्थीच. नापासाचा शिक्का बसलेली मुले अशा रीतीने आपल्या विद्येची धनी झाली.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र काढले. मुलांच्या ठायी जबाबदारीची जाणीव क्रमाक्रमाने परिपक्व व्हावी आणि आपले जीवन घडविण्याचा अखंड यत्न त्यांनी करावा, असा त्याचा आशय आहे. आमच्या मिशनशाळांची शिस्त आणि निकाल यांची वाखाणणी होते, ती रास्तच आहे. तथापि ज्या वर्गात फळ्यावर लिहिणारा, प्रश्न विचारणारा आणि वही तपासणारा एकच माणूस असतो, तेथे मूल पाहुण्यासारखे बसून राहते. शेवटच्या बाकावरचे मूल तर दाराबाहेरच राहते.

उपोषणापूर्वी काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले होते. मंदिर उघडावे तसेच लोकांचे मनही उघडावे, अशी त्यांची तळमळ होती. ते दार पुन्हा मिटू नये, तर ते आपले आहे असे समाजाला वाटणे अवश्य होते. वर्गाचेही असेच आहे. आठवड्यातून एक तास मुलांनी परस्परांना शिकवावे, आपल्या निबंधाचा दुसरा खर्डा आपणच सिद्ध करावा, काय जमले आणि काय राहिले याची नोंद स्वतःच्या अक्षरात ठेवावी. याला पैसा लागत नाही. शिक्षकाला आपल्या खुर्चीवरून उठून थोडे बाजूला उभे राहावे लागते, एवढेच. आमच्या अनुभवात अवघड जाते ते हेच. आणि धर्मगुरूंनाही ते तितकेच अवघड जाते.