कोठाराची किल्ली

कुंभकोणमहून तंजावरकडे जाताना कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीत पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. संगीतरसिकांना ते पापनाशम शिवन (१८९०–१९७३) या थोर वाग्गेयकारामुळे परिचित आहे. गावालगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात विटांचे एक प्रचंड, वर्तुळाकार, निमुळत्या माथ्याचे धान्यकोठार आहे. नायक राजवटीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले आणि सुमारे ३००० कलम धान्य त्यात मावे, असे सांगतात.

केंद्र सरकारच्या सेवेत माझी पहिली नेमणूक या जिल्ह्यात झाली, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. शेजारी एक वयोवृद्ध तंजावरी मराठी गृहस्थ राहत. एका सायंकाळी ते मला हे कोठार दाखवावयास घेऊन गेले. मी त्याची उंची, विटांचे काम न्याहाळीत होतो. ते मात्र एवढेच म्हणाले की, कोठार केवढे आहे हे पाहू नये, त्याची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते पाहावे. त्या वेळी मला ते वृद्धाचे सहज बोलणे वाटले. आज, मोबाईलच्या युगातील बलाढ्य कंपन्यांच्या स्पर्धेचा इतिहास लिहावयास बसलो असता, त्याच वाक्यापासून प्रारंभ करावासा वाटतो.

कंपन्यांची स्पर्धा या मुलखाला नवी नाही. ज्या रघुनाथ नायकाच्या काळाशी या कोठाराचा संबंध जोडला जातो, त्याच्याच संमतीने १६२० मध्ये डॅनिश कंपनीने तरंगंबाडी येथे पाय रोवले. १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून नागपट्टणम घेतले. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापिली, तेव्हा किनाऱ्यावर ही दुकाने मांडलेलीच होती. १७३९ मध्ये फ्रेंच कारैकाल येथे आले. १७४९ मध्ये इंग्रजांनी देवीकोट्टै घेतले. एवढ्याशा राज्याच्या किनाऱ्यावर चार परकीय कंपन्या एकमेकींवर डोळा ठेवून बसल्या होत्या.

जोपर्यंत दुकाने चार होती, तोपर्यंत तंजावरच्या राजाला सौदा करता येत असे. एकाने भाव पाडला तर दुसऱ्याकडे जावे, एकाने डोळे वटारले तर तिसऱ्याचे साहाय्य घ्यावे. परंतु या खेळातला धोका देवीकोट्टैच्या प्रकरणात स्पष्ट दिसला. पदच्युत सयाजीने गादी परत मिळविण्यासाठी इंग्रजांना बोलाविले. इंग्रजांनी किल्ला घेतला, सयाजीला वाऱ्यावर सोडले आणि प्रतापसिंहाशीच तह करून किल्ला आपल्याकडे ठेवला. १७८१ मध्ये त्यांनी डचांकडून नागपट्टणमही जिंकले. प्रतिस्पर्धी निष्प्रभ होत गेले तसा राजाचा सौदाही संपत आला. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याभोवतीचा थोडा परिसर उरला. राज्यकारभार गेला आणि वार्षिक एक लक्ष होन व निव्वळ महसुलाचा पंचमांश एवढी नेमणूक हाती आली. १८५५ मध्ये शिवाजीराजे औरस पुत्रावाचून निवर्तले आणि गादीच खालसा झाली.

आता आपल्या काळाकडे वळू. माझ्या त्या पहिल्या नेमणुकीत घरी बोलावयाचे म्हणजे रात्री उशिरा, दर उतरल्यावर, एसटीडी बूथसमोर रांगेत उभे राहावे लागे. आईचा आवाज ऐकताना अर्धे लक्ष मीटरच्या लाल आकड्यांवर असे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीतील दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाईल संभाषण केले. तेव्हाचे दर मिनिटाला आठ ते सोळा रुपयांच्या घरात होते, आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. पुढे १९९९ च्या दूरसंचार धोरणाने परवाना-शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. खाजगी कंपन्या वाढल्या, २००० मध्ये भारत संचार निगम स्थापन झाले, २००३ पासून येणारा कॉल विनामूल्य झाला. जी चैन होती ती गरज झाली. स्पर्धेने सामान्य माणसाचे हित साधले हे येथे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

त्या काळाचा सम्राट होता नोकिया. २००७ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा हँडसेटांपैकी चार त्या फिनलंडच्या कंपनीचे असत. २००६ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे तिचा कारखाना सुरू झाला आणि तमिळनाडूच्या गावोगावच्या हजारो तरुण-तरुणींना तेथे काम मिळाले.

मग रणांगणच बदलले. २००७ च्या जानेवारीत ॲपलने आयफोन जगापुढे ठेवला आणि पुढल्या वर्षी ॲपचा बाजार उघडला. गूगलने २००५ मध्येच अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली होती; २००८ मध्ये त्या प्रणालीवरचा पहिला फोन बाजारात आला. येथे स्पर्धेचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. यापुढे लढाई यंत्राच्या मजबुतीची राहिली नाही. ज्या प्रणालीवर ग्राहक अधिक, तिच्यासाठी ॲप लिहिणारे अधिक. आणि जिच्यावर ॲप अधिक, तिच्याकडे ग्राहक अधिक. पेठ एकदा भरू लागली की दुसरी पेठ वसविणे महाकठीण होते. गूगलने आपली प्रणाली हँडसेट बनविणाऱ्यांना मूल्य न घेता दिली. मोबदला मिळाला तो शोधयंत्र, जाहिराती आणि ग्राहकाच्या माहितीच्या रूपाने. कोठार फुकट बांधून मिळाले. धान्य मात्र आपण भरत राहिलो.

नोकियाचा हँडसेट-व्यवसाय २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. करविषयक वादामुळे श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील उत्पादन थांबले. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीची प्रणालीही पुरेशा ॲपअभावी टिकली नाही. आज त्याच श्रीपेरुंबुदूर परिसरात ॲपलचे आयफोन जुळविले जातात. पाटी बदलली, मजुरीचे हात तेच.

सेवा देणाऱ्या कंपन्यांचीही हीच कथा. २०१० च्या सुमारास एकेका परिमंडळात दहाच्या आसपास कंपन्या होत्या. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओने स्वस्त डेटाचा पूर आणला. १९९९ मध्ये तमिळनाडूतच सुरू झालेली एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्याच वर्षी व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. आता तीन खाजगी कंपन्या व एक सरकारी एवढाच संसार उरला आहे. आणि खिशातला स्मार्टफोन कोणत्याही छापाचा असो, आत बहुधा दोहोंपैकी एकच प्रणाली असते.

या दोन इतिहासांत साम्य असले तरी भेदही मोठा आहे, तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या कंपन्यांपाशी तोफा व पलटणी होत्या. या कंपन्यांना न्यायासनापुढे उभे करता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडसंबंधीच्या जाचक अटींबद्दल गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, तरी दंड कायम ठेवला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने शोधयंत्राच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. तंजावरच्या प्रतापसिंहाला असे दार ठोठावता आले नसते.

दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे सार्वजनिक मालकीच्या किंवा सर्वांना खुल्या अशा वाटा. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही पैसे देण्या-घेण्याची व्यवस्था अशीच एक वाट आहे. तिच्यावरून चालणाऱ्या व्यवहारांचा मोठा हिस्सा दोन ॲपकडे असला, तरी रस्ता त्यांच्या मालकीचा नाही. लिपीचेही तसेच. युनिकोड या सर्वमान्य संकेतामुळे आपला ‘ळ’ ॲपलवरही उमटतो आणि अँड्रॉइडवरही. २०१४ मध्ये मोडी लिपीलाही त्यात स्थान मिळाले. सरस्वती महालातील मोडी दफ्तरांच्या तंजावरला ही गोष्ट परकी वाटू नये.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी प्रकट झाले आणि स्पर्धेने पुन्हा नवे रणांगण निवडले. आता धान्य म्हणजे आपली भाषा: आपण लिहिलेले, बोललेले, साठविलेले सारे शब्द. ज्या भाषेचे लेखन यंत्राला भरपूर मिळते, ती यंत्र चांगली शिकते. जी घरातच बोलली जाते आणि कोठे लिहिली जात नाही, ती त्याच्या लेखी नसतेच. तंजावरची मराठी ही तशीच बोली आहे. साडेतीनशे वर्षे तमिळच्या शेजारी नांदून तिने वेगळे शब्द, वेगळा हेल जपला. नातवंडे यंत्राशी बोलू लागतील तेव्हा ते पुण्याची मराठी कदाचित जाणेल, आजीची मात्र जाणणार नाही. परगावी वाढणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच आहे.

यावर मार्गही तंजावरनेच दाखविला आहे. राज्य गेल्यावर सरफोजीराजांनी ग्रंथ जमविले, देवनागरी मुद्रणालय चालविले. १८०६ मध्ये तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे मुलांसाठीचे मराठी पुस्तक निघाले. पुढे १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. सत्ता कंपनीने नेली, परंतु ज्ञानाच्या कोठाराची किल्ली अखेर लोकांच्या हाती आली.

गेल्या वर्षी पुन्हा पापनाशमला जाण्याचा योग आला. ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या घरी चौकशी केली. त्यांचा आवाज कोणी कधी ध्वनिमुद्रित केला नव्हता. तीस वर्षांपूर्वी ते साधन सहजी हाताशी नव्हते. पुढे ते प्रत्येकाच्या खिशात आले, पण कोणाला सुचले नाही. मलाही सुचले नव्हते.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे होत आहे. यापुढील कार्यात एका लहानशा कामाची भर घालावी, ही विनंती. वडीलधाऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, घरोघरची जुनी पत्रे व मोडी कागद यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि त्यांची एक प्रत कोणत्याही कंपनीच्या कोठारात नव्हे तर मंडळाच्या स्वतःच्या कपाटात ठेवावी. दिग्गजांच्या स्पर्धेत कोण जिंकेल हे आपल्या हाती नाही. आपल्या कोठाराची किल्ली मात्र अजून आपल्याच कमरेला आहे. मंडळाच्या शतकमहोत्सवात ती पुढल्या पिढीच्या हाती दिसो, हीच श्रीचरणी प्रार्थना.